टांकसाळ कोणाची, सराफ कोण?

संगणकावरील खेळांत रात्र-रात्र राबून तेथील नाणी, रत्ने किंवा शस्त्रांच्या रंगीत ‘स्किन’ मिळवणाऱ्या आणि त्या विकून चार पैसे गाठीस बांधू पाहणाऱ्या तरुणांविषयी आपल्याकडे वाद निघाला की तो बहुधा एकाच प्रश्नापाशी अडतो: ही संपत्ती खरी की काल्पनिक? जी वस्तू हाती धरता येत नाही तिच्यापायी घालवलेली रात्र वाया गेली, असे वडीलधारे म्हणतात. जिला गिऱ्हाईक आहे ती खरीच, असे मुले म्हणतात. मला हा प्रश्नच गैरलागू वाटतो, कारण कोणतेही चलन अखेर विश्वासावर चालते आणि विश्वास कोणाच्याच मुठीत मावत नाही. विचारायचे ते हे, की चलन पाडतो कोण, पारखतो कोण आणि ते कमावणाऱ्याला ते घेऊन दाराबाहेर पडता येते की नाही. बऱ्हाणपूरच्या माणसाने तरी हे अवश्य विचारावे, कारण या तिन्ही गोष्टींचा व्यवहार त्याच्या गावाने एके काळी उघड्या बाजारात पाहिला आहे.

१६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला, फारुकींचे खानदेश मोगल सुभा झाले आणि तापीकाठचे हे शहर दक्षिणेच्या राजकारणाचे मुख्य ठाणे बनले. इंग्रजांचा वकील टॉमस रो १६१५ मध्ये शाहजादा परवेझला येथेच भेटला आणि १६३१ मध्ये मुमताजमहल येथेच वारली, हे शाळकरी पोरही सांगते. परंतु आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दरबाराहून बाजार अधिक महत्त्वाचा. येथे बादशाही टांकसाळ होती, आणि मोगलांची रीत अशी की चांदी बाळगणाऱ्या कोणाही व्यापाऱ्याने ती टांकसाळीत न्यावी, शेकडा पाच-सहाच्या आसपास खर्च व दस्तुरी भरावी आणि आपल्याच चांदीचे रुपये पाडून घ्यावेत. नव्या सालच्या रुपयास अधिक मान, हाताळून जुन्या झालेल्यास बट्टा. आणि हा बट्टा ठरवण्यात शाही फर्मानापेक्षा पेठेतल्या सराफाचा शब्द पुष्कळदा वरचढ ठरे.

त्या काळचा एखादा रुपया हाती घेऊन निरखावा. साडेअकरा ग्रॅमच्या आसपास वजनाची, जवळजवळ निर्भेळ चांदीची जाडसर चकती. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे फारसी अक्षरे कडेला अर्धवट तुटलेली. आणि पुष्कळ नाण्यांवर, कधी कडेला तर कधी थेट बादशहाच्या नावावर, सराफाने पारखताना मारलेला बारीक टोचा. राजमुद्रेवर आपली खूण उमटवण्याची ही मुभा लहानसहान नव्हती. नाव सार्वभौम सत्तेचे, चांदी व्यापाऱ्याची आणि पारख तिसऱ्याची, अशी ही त्रिविध व्यवस्था होती. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर निजामाकडून पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. अंमल बदलले, दप्तरे बदलली, पण अंमल बदलला म्हणून कोणाच्या घरातील चांदीची एका रात्रीत माती झाली नाही.

आता आजच्या बऱ्हाणपुरात यावे. येथील बहुसंख्य पोरे मोबाइलवरच खेळतात, कारण खेळांना पुरेसा पडणारा संगणक मध्यमवर्गीय घरासही जड जातो. त्यातून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनी स्मृती-चिपांची मागणी वाढवल्यापासून, म्हणजे २०२५ च्या उत्तरार्धापासून, रॅमच्या किमती भडकल्या आहेत. म्हणून ज्याला संगणकावरच खेळायचे तो ताशी भाड्याने गेमिंग कॅफेत बसतो. तेथे एखादा मुलगा स्वतःच्या करमणुकीसाठी नव्हे, तर दुसऱ्याची ‘आयडी’ वरच्या पायरीवर चढवून देण्यासाठी बसलेला असतो. तोच राक्षस, तीच गुहा, तीच लूट, पुन्हा पुन्हा, डोळे तांबारेपर्यंत. याला ही मुले ‘ग्राइंड’ म्हणतात. याच शहरात मालकाचे सूत घेऊन मीटरवर मजुरी मोजून घेणारा यंत्रमाग-कामगार रात्रपाळी करतो. दोघांचेही श्रम एकसुरी. पण कामगाराची मजुरी कितीही तुटपुंजी असली तरी ती रुपयांत मिळते आणि ती घेऊन तो कोणत्याही दुकानाच्या पायऱ्या चढू शकतो.

खेळातील श्रमांना अर्थशास्त्रीय मोल असते हे आता सिद्ध करावयास नको. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्येच ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील व्यवहारांवरून तेथील एका तासाच्या श्रमाची किंमत सुमारे साडेतीन डॉलर काढली होती. पण ज्या राज्यात हे मोल निर्माण होते तेथे टांकसाळीचा दारोगा, सराफ, जकातदार आणि काझी ही चारही पदे एकाच कंपनीकडे असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने ‘काउंटर-स्ट्राइक २’ या खेळात एक नियम बदलला. दुर्मीळ सुऱ्या आणि हातमोजे आता त्यांच्याहून खालच्या वस्तूंच्या बदल्यात मिळू लागले आणि जगभरच्या खेळाडूंनी साठवलेल्या वस्तूंचे बाजारमूल्य एक अब्जाहून अधिक डॉलरांनी घसरले. ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा पैसे मोजून खेळ घेतलेल्यांच्या हाती काहीच उरले नाही.

दराचा विचार केला तर विषमता अधिकच उघड होते. सतराव्या शतकाच्या मध्यास ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने बऱ्हाणपुराहून सुरतेवर केलेल्या हुंडीची हुंडणावळ अडीच ते तीन टक्के नोंदवली आहे. आणि त्या वाटेवर लुटारू होते, पूर होते, जागोजागी जकातीची नाकी होती. आज व्हॉल्व्हच्याच ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानाच्या बाजारात काउंटर-स्ट्राइकची वस्तू विकली तर पंधरा टक्के कंपनीचे, आणि उरलेले पैसेही स्टीमच्या बटव्यातच राहतात. ते बँकेत आणता येत नाहीत. ‘रोब्लॉक्स’ या खेळमंचावर तेथील नाणे, म्हणजे एक रोबक्स, घेताना गिऱ्हाईक सव्वा सेंटाच्या आसपास मोजतो, तर खेळ रचणाऱ्यास तोच रोबक्स परत करताना अर्ध्या सेंटाहूनही कमी मिळते. वाटेत ना तापी, ना सातपुडा, आणि तरी ही कसर!

येथे कंपन्यांची बाजू ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. ‘डायब्लो ३’ मध्ये २०१२ साली खऱ्या पैशांचा लिलावबाजार उघडला गेला आणि मार्च २०१४ मध्ये कंपनीनेच तो बंद केला. राक्षस मारण्यापेक्षा बाजारात घासाघीस करणे फायद्याचे ठरले आणि खेळातला खेळ संपला. काउंटर-स्ट्राइकच्या पेट्यांच्या किल्ल्यांची देवघेव २०१९ मध्ये थांबवावी लागली ती त्यांतून काळा पैसा धुतला जात होता म्हणून. फिलिपाइन्समध्ये २०२१ साली ‘ॲक्सी इन्फिनिटी’ या खेळाने हजारो गरिबांना खेळून पोट भरण्याचे स्वप्न दाखवले, नवे खेळाडू येण्याचे मंदावताच त्याच्या नाण्याची किंमत वर्षभराच्या आत पार कोसळली. तेव्हा प्रत्येक खेळातील प्रत्येक नाणे रुपयांत वटलेच पाहिजे, अशी मागणी मी करीत नाही. दोन्ही दारे बंद ठेवणारा खेळ प्रामाणिक आहे. माझी हरकत आहे ती रुपयाला आत घेणाऱ्या आणि बाहेर न सोडणाऱ्या एकमार्गी दाराला. किमती रुपयांत न लिहिता रत्नांत लिहिण्याला. आणि खरेदीनंतर थोडी शिल्लक हटकून उरेल व ती वापरण्यासाठी पुन्हा खरेदी करावी लागेल, अशा हिशेबाने रत्नांचे गठ्ठे बांधण्याला.

आपल्या कायद्याने या दिशेने अर्धेच पाऊल टाकले आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या केंद्रीय अधिनियमाने पैसे लावून खेळण्याचे सारे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरवले; ते चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगितला; आणि डावावर लावलेल्या पैशाच्या व्याख्येत पैसे देऊन घेतलेली नाणी व टोकन यांचाही समावेश केला, हे विशेष. जुगाराने घरे उद्ध्वस्त होत असता ही कठोरता समजण्याजोगी आहे. परंतु कायद्याची दृष्टी खेळाडूने काय पणाला लावले याकडे आहे. टांकसाळवाल्याने काय पाडले, किती पाडले आणि कधी बाद केले, याकडे ती वळलेली नाही. त्यामुळे डाव न लावता केवळ श्रमाने नाणी मिळवणारा तो कॅफेतला मुलगा गुन्हेगारही ठरत नाही आणि श्रमिकही ठरत नाही. त्याची आयडी कंपनीने ‘बॅन’ केली तर दाद मागायला दरवाजा नाही. चोरट्या बाजारात विकायला गेला तर फसवणारा दलाल आहेच. जेथे उघडा सराफ बसू दिला जात नाही, तेथे लपलेला सराफ बसतो आणि त्याचा बट्टा नेहमीच जबर असतो.

युरोपातील ग्राहकसंरक्षण यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये खेळांतील चलनांविषयी जी तत्त्वे जाहीर केली, त्यांत किंमत खऱ्या पैशांत स्पष्ट दाखवावी आणि नको असलेले गठ्ठे गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधू नयेत, असे म्हटले आहे. आपण आणखी दोन गोष्टी मागाव्यात: विकत दिलेल्या वस्तूचे मोल बुडवणारा नियम पुरेशी आगाऊ सूचना दिल्याखेरीज बदलू नये, आणि सर्व्हर बंद करताना न वापरलेले विकतचे चलन रुपयांत परत करावे. यांत क्रांतिकारक असे काही नाही. रयतेच्या हातचे नाणे बाद करणाऱ्या कोणत्याही सत्तेकडून सभ्य समाज एवढी अपेक्षा करतोच. तोवर कॅफेतल्या मुलाने आपल्या कमाईचा हिशेब मांडताना पडद्यावरचा आकडा जमेस धरू नये. बँकेत पोहोचला तेवढाच रोज. बाकीचे कंपनीने त्याला वापरायला दिले आहे, आणि तिच्या मर्जीस येईल तेव्हा ती ते काढून घेऊ शकते.