अकालमृत्यू दैवाधीन आहे काय ?

गेल्या वर्षी एका दहाव्याच्या विधीस आमच्या तीर्थरूपांबरोबर साहाय्यास जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला. गेलेला मुलगा आमच्याच वयाचा. दुचाकीवरून पडून डोक्यास मार बसलेला. पिंड ठेवून बराच वेळ लोटला तरी काकस्पर्श होईना. कुणी मृताच्या आवडीचे पदार्थ आणून ठेवले, कुणी बहिणीच्या विवाहाचे वचन दिले. अखेरीस वडील पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, “बाळा, धाकट्याला हेल्मेट घातल्यावाचून आम्ही गाडीवर बसू देणार नाही.” त्यानंतर थोड्याच वेळात कावळा शिवला. जमलेल्यांतील एक वृद्ध गृहस्थ सुस्कारा टाकून म्हणाले, “आयुष्याची दोरीच तेवढी होती.”

घरी परतताना हे दोन उद्गार आमच्या मनात एकमेकांशी झगडत होते. वृद्धाचे बोल खरे मानावेत, तर पित्याच्या वचनास काहीच अर्थ उरत नाही. आणि पित्याचे वचन अर्थपूर्ण मानावे, तर तो मृत्यू टळण्याजोगा होता असे कबूल करावे लागते.

हा प्रश्न आजचा नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, अग्निवेश आपल्या गुरूंस, भगवान आत्रेयांस, नेमके हेच विचारतो, की आयुष्याचे प्रमाण ठरलेले असते किंवा कसे ? आत्रेय सांगतात, की आयुष्य दैव व पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून आहे. सर्वच आयुष्य नियत असते, तर औषधोपचाराचा खटाटोप कोणी केलाच नसता. पुढे ते गाडीच्या आसाचा दृष्टान्त देतात. उत्तम आस नीट वापरला तर आपल्या काळाने झिजून संपतो. तो कालमृत्यू होय. परंतु तोच आस अतिभाराने, खडबडीत वाटेने, आडवाटेने, हाकणाऱ्याच्या दोषाने, खीळ निसटल्याने अथवा गाडी उलटल्याने मध्येच मोडतो. तो अकालमृत्यू होय. वैद्यकाच्या ग्रंथात मरणाचा विचार करताना रस्त्यावरील गाडीचा दाखला यावा, याचे आम्हांस मोठे नवल वाटते. इतक्या शतकांनंतरही त्या यादीतील एकही कारण जुने झालेले नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते व १६,७१५ जणांनी सीटबेल्ट बांधलेला नव्हता. हे सर्वच्या सर्व वाचले असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांतील कित्येकांच्या आसाची खीळ आपल्याच हाताने काढून ठेवलेली होती, एवढे म्हणणे भाग आहे. तद्वतच रस्त्यातील खड्डा हाही दैवाचा नव्हे. वाट खडबडीत ठेवणाऱ्याचा दोषही आत्रेयांच्या यादीत येतो. मृताच्या माथी सर्व खापर फोडून त्यास सुटता येणार नाही.

आता ही खीळ किती साधी असते ते पाहावे. आज मोटारीत जो तीन टोकांनी बांधावयाचा पट्टा असतो, तो स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंता नील्स बोलिन यांनी १९५९ साली सिद्ध केला. तो एका हाताने बांधता यावा, इकडे त्यांचे लक्ष होते. कंपनीने त्याचे पेटंट इतर कारखानदारांस मोकळे ठेवले. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने कहर केला आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून ते पाणी आप्तांकरवी रोग्यांस पाजविले. शंभरांत तीसपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण चारांच्याही खाली आले. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एकोणीस बाबींची एक यादी प्रसृत केली. रोगी कोण, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या जागी, हे सर्वांदेखत मोठ्याने म्हणावयाचे, एवढाच तिचा थाट. जगातील आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. त्यांत दिल्लीही होती. मृत्यूचे प्रमाण शेकडा दीडवरून पाऊण-एकच्या आसपास उतरले.

एक पट्टा, एक पुडी, एक कागद ! यांत द्रव्यापेक्षा विनय अधिक लागतो. नामांकित शल्यविशारदाने परिचारिकेसमोर रोग्याचे नाव पुन्हा उच्चारावयाचे, वीस वर्षे गाडी चालविणाऱ्याने कोपऱ्यावरच्या दुकानी जातानाही पट्टा बांधावयाचा, म्हणजे ‘माझ्याही हातून चूक होऊ शकते’ हे रोज कबूल करावयाचे. ते अहंकारास सोसत नाही. मग त्या अहंकारासच आपण श्रद्धा हे नाव देतो आणि म्हणतो, “देव पाहून घेईल.”

कोणी म्हणेल, यंत्राने आणलेल्या मरणावर पुन्हा यंत्राचाच उतारा कशास ? आक्षेप अगदीच पोकळ नाही. वेगाचा मोह यंत्राने वाढविला हे खरे, आणि मनुष्याचा विवेक सुटल्यास कोणतेही साधन त्यास तारणार नाही. परंतु साधन हे विवेकाच्या जागी ठेवावयाचे नसून, विवेकास डुलकी लागते त्या क्षणासाठी ठेवावयाचे असते. तो क्षण साधुपुरुषासही चुकत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस अंतर्मुख करते. जो मरतो त्याचे दहावे, तेरावे होते. जो वाचतो तो मात्र संध्याकाळी घरी येतो, हातपाय धुऊन पानावर बसतो, आणि आज आपण वाचलो हे त्यास कळतही नाही. ज्याने पुडी बांधली, ज्याने पट्टा शिवला, ज्याने यादी वाचली, त्यास कोणी नमस्कार करावयास येत नाही. अपघातच घडला नाही, तर आभार कशाचे मानावयाचे ? फळ दिसत नसता कर्म करावे, असे आपण कीर्तनांतून नेहमी ऐकतो. त्या उपदेशाचे याहून रोखठोक उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

विजयादशमीस आपल्या देवळापुढे नव्या गाड्यांची रांग लागते. हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ वाढविला जातो. आणि हेल्मेट मात्र आरशाला लटकत असते. आमची वाचकांस व पुजारी मंडळींस नम्र सूचना आहे, की यापुढे हेल्मेट पूजेच्या ताटातच ठेवावे, त्यास हळदकुंकू लावावे, आणि देवासमोर ते मस्तकी चढवूनच गाडी सुरू करावी.

त्या पित्याने दिलेले वचन खरेच होते. ते दहा दिवस उशिरा दिले गेले, एवढेच.