पंचवीस हजारांवर सही करू नकोस

नांदेड

चि. बाळास,

काल फोनवर तू म्हणालास, “मामा, मिटवून टाकू. पिकअपवाला माणूस चांगला आहे, पळून गेला नाही, त्यानंच आईला दवाखान्यात आणलं. २५ हजार देतोय. कोर्टाच्या भानगडीत कशाला पडायचं?” मी तेव्हा हूं-हूं करत बसलो, कारण तुझ्या मागून तुझ्या आईचा आवाज येत होता आणि तिच्या कानावर तिच्या पायाचा हिशेब पडावा असं मला वाटलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. सावकाश वाच. आणि वाचून होईपर्यंत कशावरही सही करू नकोस.

त्या २५ हजारांबरोबर एक कागदही येणार आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेला. “अपघात अनवधानाने झाला, खर्च मिळाला, आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.” जिल्हा न्यायालयात बाबूगिरी करताना असले कागद मी ढिगानं पाहिले. सही केली म्हणून दावा कायमचा बुडतो असं नाही. पण उलटतपासणीत विमा कंपनीचा वकील पहिला तोच कागद काढतो आणि जखमी माणूस पिंजऱ्यात घाम पुसत बसतो.

आता त्या ड्रायव्हरबद्दल. तो भला आहे हे मीही पाहिलं. निझामाबादकडचं लेकरू, दवाखान्याच्या पायरीवर रात्रभर बसून होतं. त्याच्या पोटावर पाय द्यायला तुझं मन धजत नाही, हे तुझ्या वळणाला शोभतं. पण इथं तुझा एक घोळ होतो आहे. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा निदान तिऱ्हाइताचा विमा असलाच पाहिजे, असं मोटार वाहन कायदा, १९८८ सांगतो. मालकानं दरसाल भरलेला तो हप्ता त्याच्या गाडीसाठी नसतो, त्याच्यासाठीही नसतो. तो रस्त्यानं चालणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो. त्या दिवशी इथल्या देगलूर नाक्यावर धडक बसलेली ती अनोळखी बाई म्हणजे तुझी आई. दाव्यात ड्रायव्हर आणि मालक प्रतिवादी म्हणून येतील, पण पॉलिसी चालू असेल तर पैसे कंपनी भरते. उलट ते २५ हजार त्या पोराच्या नाहीतर त्याच्या मालकाच्या खिशातून जाणार. म्हणजे दया दाखवायला निघालास आणि गरिबाचेच पैसे घेऊन आलास!

एक अडचण झाकून ठेवत नाही. लायसन नसेल किंवा चुकीच्या वर्गाचं असेल, तर कंपनी जखमीला पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकते. आणि विमाच नसेल तर सगळं मालकाच्या अंगावर येतं. म्हणून आधी एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची मुदत बघ. गाडीच्या फोटोत नंबर स्वच्छ आला आहे.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. त्या रात्री केसपेपर लिहिणाऱ्या पोरसवदा डॉक्टरनं विचारलं, “काय झालं?” आपल्यातल्याच एकानं पटकन सांगून टाकलं, “पडली.” वाईट हेतू नव्हता, पोलिसाचं लचांड नको, एवढंच. डॉक्टरचं पेन टेकलंही होतं. मी मध्ये पडलो आणि लिहून घेतलं, की रस्त्याच्या कडेनं चालताना पिकअपची धडक, किती वाजता, कुठं, गाडीचा नंबर काय. मग एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल नोंद, झाली आणि खबर चौकीला गेली. त्या चार ओळींवर अख्खा दावा उभा राहतो. आपल्या भागात “पडली” या एका शब्दापायी किती दावे आडवे झाले ते मी जवळून पाहिलं आहे. मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, पण ते कशानं मोडलं हे एक्स-रे सांगत नाही.

एफआयआर अजून झालेला नाही, कारण तुम्ही “मिटवू” म्हणत बसलात. उशीर झाला म्हणून हाय खाऊ नकोस. घरचं माणूस ऑपरेशन टेबलावर असताना कुणी ठाण्यात धावत नाही, आणि केवळ एफआयआर उशिरा दिला म्हणून खरा दावा फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच म्हटलेलं आहे. मात्र आता उशिराला कारण नाही. याच आठवड्यात ये, आपण दोघं ठाण्यात जाऊ. १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्राच्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत पोलिसांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. त्या सविस्तर अहवालालाच दावा-अर्ज समजण्याची तरतूदही कायद्यात आहे. नियम सुरेख आहे. पण ठाण्यातल्या हवालदाराच्या टेबलावर बंदोबस्तापासून मयतापर्यंत सगळं पडलेलं असतं, तेव्हा आपला अर्ज आपणच करायचा आणि अहवालाची नक्कल मागत राहायची.

ठाण्यात गेलास की दोन गोष्टींचा आग्रह धर. पहिली, समोरच्या मोबाइल दुकानाचा कॅमेरा. त्यावरचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मी दुकानदाराला सांगून ते पेनड्राइव्हवर घेऊन ठेवायला लावलं आहे. पण ते पोलिसांनी रीतसर जप्त केलं तर त्याला वजन येतं. दुसरी, घटनास्थळाचा पंचनामा. देगलूर नाक्याचा फुटपाथ तू पाहिला आहेसच. पायी चालणाऱ्याला तिथं जागा असती तर मी हे पत्र लिहीत बसलो नसतो. हातगाडे, लावलेल्या मोटारसायकली, ज्यूसवाल्याची बाकडी. रस्त्याच्या कडेनं चालण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. हे पंचनाम्यात आलं पाहिजे, फोटोसह. कारण कंपनीचा ठरलेला बचाव एकच असतो: बाईचाच निष्काळजीपणा. तिचीही थोडी चूक ठरली तर तेवढे टक्के रकमेतून कापले जातात. तिला विचारलं जाईल, फोनवर बोलत होतीस का? नव्हती. पण असती, तर तेही खरं सांगायला मी तिला सांगितलं असतं. एक खोटं सापडलं की उरलेलं खरंही कुणी ऐकत नाही.

फ्रान्समध्ये १९८५ सालापासून ही झटापट जवळपास संपली. तिथल्या कायद्यानं पायी चालणाऱ्या जखमीची किरकोळ चूक उगाळायची सोयच ठेवली नाही. अक्षम्य चूक असेल आणि अपघाताचं तेच एकमेव कारण असेल, तरच त्याची भरपाई जाते. लहान पोरं आणि म्हातारी माणसं यांना तर तेही सहसा लागू नाही. आपल्याकडं २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. तरी अजून प्रश्न पादचाऱ्यालाच विचारायचा, की बाई, तुमचं लक्ष कुठं होतं?

आता पैशाचं. तुझी आई म्हणते, “मी काय कमावते, मला कसली भरपाई?” तिला सांग, की ५ जानेवारी २०२१ ला कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घर चालवणाऱ्या बाईच्या कामाचं मोल धरायलाच हवं, आणि पुढं वाढणाऱ्या उत्पन्नाचा हिस्साही तिला नाकारता येणार नाही, असं सांगितलं. २०११ च्या जनगणनेत घरकाम हेच मुख्य काम सांगणाऱ्या बायका सुमारे १६ कोटी होत्या, हा आकडा त्या निकालात आला आहे. पहाटे पाचला उठून डबे करणारी बाई आता भिंत धरून संडासापर्यंत जाते, आणि म्हणे कमावत नाही.

हिशेब कसा होतो ते दाखवतो. आकडे मी धरलेले आहेत, न्यायाधिकरण वेगळे धरेल. तिच्या कामाचं मोल महिना १० हजार धर. वय ४६, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी २५ टक्के मिळव, झाले साडेबारा हजार. वर्षाचे दीड लाख. सरला वर्मा खटल्याच्या २००९ सालच्या तक्त्यात ४६ ते ५० वयाला गुणक १३ आहे. झाले १९ लाख ५० हजार. तिच्या कामाच्या ताकदीत २० टक्के घट ठरली, तर त्यातले ३ लाख ९० हजार. शिवाय दवाखाना, औषधं, येण्याजाण्याचं भाडं, सांभाळायला ठेवलेल्या बाईचा पगार, पायातला रॉड काढण्याचं पुढचं ऑपरेशन, सोसलेल्या वेदना. हे सगळं वेगळं. आता तुझे २५ हजार त्याच्या शेजारी ठेवून बघ.

घट किती, हा मात्र डॉक्टरच्या टक्क्यांचा नुसता उतारा नसतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालानं ते स्पष्ट केलं: शरीर किती टक्के गेलं ते वेगळं आणि त्यामुळं काम किती गेलं ते वेगळं. डावा हात तुटला तर सुताराचं सगळंच जातं, कारकुनाचं तेवढं जात नाही. तुझ्या आईला खाली बसता येत नाही, पाण्याची घागर उचलता येत नाही, जिना चढवत नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरसमोर हे सगळं तिनं बोलायला हवं. ती बोलणार नाही. “बरं आहे आता” म्हणेल. तेव्हा तू सोबत जा. आणि प्रमाणपत्र हाड जुळून उपचार संपल्यावरच घ्यायचं. घाई करणाऱ्याचे टक्के हमखास चुकतात.

चूक कुणाची हे सिद्ध न करता मिळणारी एक वाटही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १६४, गंभीर दुखापतीला अडीच लाख. हाड मोडणं गंभीर दुखापतीतच येतं. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा, चूक सिद्ध करून मिळणारा मोठा दावा संपतो. आपल्याकडं एमएलसी आहे, कॅमेरा आहे, ड्रायव्हर जागेवर थांबलेला आहे. आपण कलम १६६ नं जावं, असं माझं मत. यातलं काहीच नसतं, तर मीच अडीच लाख घे म्हणालो असतो.

दावा कुठं लावायचा? धडक नांदेडला, घर लातूरला, गाडी तेलंगणाची. निझामाबादला हेलपाटे घालावे लागतील म्हणून तुझे वडील धास्तावले आहेत, गरज नाही. अपघात झाला तिथं किंवा दावेदार राहतो तिथं, निवड आपली. लातूरला लाव. इथले पंच आणि डॉक्टर साक्षीला तिकडं आणायला जड जातील हे खरं, पण पायात रॉड घातलेल्या बाईला एसटीत तीन-साडेतीन तास बसवून तारखेला आणण्यापेक्षा ते बरं. मुदत सहा महिन्यांची. २०२२ पासून ती परत आली आहे. तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या आहेत आणि वकील त्यावर तासभर बोलतील. तू सहा महिने हीच वेस धरून चाल.

कागद जपायचे म्हणजे काय तेही ऐक. औषधाच्या दुकानातली छापील पावती चार-सहा महिन्यांत कोरी होते, नुसता पिवळट कागद हातात राहतो. प्रत्येक पावतीची आजच झेरॉक्स काढ आणि मूळ पावती तिलाच टाच. रॉडच्या डब्यावरचं स्टिकर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, रिक्षाच्या भाड्याची सही घेतलेली चिठ्ठी, सांभाळणाऱ्या बाईला दिलेल्या पैशांची नोंदवही, हे सगळं जप.

दवाखान्यात भेटलेला तो जाडा गृहस्थ, “सगळं मी बघतो, निकालानंतर टक्के द्या” म्हणणारा, त्याचा फोन उचलू नकोस. निकालाच्या रकमेत टक्का ठरवणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमानं मना आहे. एजंटाला तर कसलाच नियम नाही. हीच मंडळी, धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही की विमा असलेली दुसरीच गाडी “लावून” देतात. पुढं चौकशीत ते उघडं पडतं आणि खऱ्या जखमी माणसावर फसवणुकीचा गुन्हा येतो. गाडी सापडली नाही तर सरकारची वेगळी योजना आहे: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार, अर्ज प्रांत-तहसीलकडं. रक्कम तोकडी आहे, पण खरी आहे.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर लातूरच्या जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बसतं. बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो. १५१०० वर फोन करून विचारता येतं. वाईट वकील मिळेल ही भीती आहे, ती फी घेणाऱ्यातही आहे.

दावा लागल्यावर कंपनी लोकअदालतीत आकडा घेऊन येईल. ते टाळू नकोस, बरेच दावे तिथंच मार्गी लागतात. मात्र तिथं सही झाली की अपील नाही. म्हणून अपंगत्वाचं प्रमाणपत्र हातात नसताना तिथं बसायचं नाही, आणि कंपनीच्या पहिल्या आकड्याला मान डोलवायची नाही.

ड्रायव्हरला काय सांगायचं ते तू विचारशीलच. खरं ते सांग: “तुझे पैसे नकोत, पॉलिसीची आणि लायसनची झेरॉक्स दे.” भला असेल तर देईल. येताना आईचं आधार कार्ड, डिस्चार्ज कार्ड आणि तो स्टॅम्प पेपर आला असला तर तोही, सही न करता, घेऊन ये. वकिलांची दोन नावं माझ्या मनात आहेत; ती पत्रात लिहीत नाही, समोर आलास की सांगतो.

तुझा,
मामा