काटकसर कोणाच्या पदरची?

मागील महिन्यात एका रविवारी दुपारी मी मुंबईच्या प्रवासाचे अंदाजपत्रक मांडीत बसलो होतो. आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांना रजा प्रवास सवलत मिळते. दोन वर्षांतून एकदा स्वग्रामी आणि चार वर्षांच्या खंडात एकदा त्याऐवजी भारतात कोठेही. या खेपेस सातारा जिल्ह्यातील गावाऐवजी मुलांना मुंबई दाखवावी असे ठरले. परंतु सरकार देते ते जाण्यायेण्याचे भाडे. दिल्लीपासून सुमारे 1400 किलोमीटर दूर उतरल्यावर राहावे कोठे व जेवावे काय, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आणि मुंबईसारख्या महागड्या शहरात कारकुनाच्या पगाराला नेमका तोच झेपत नाही. मी मात्र तो एका क्षणात सोडविला होता. ‘निवास’ या सदरापुढे मी शून्य लिहिले होते, कारण परळला माझी मावशी राहते.

सौ.ने कागद पाहिला आणि शांतपणे म्हटले, “हा खर्च नाहीसा झालेला नाही. तो फक्त मावशींच्या वहीत गेला आहे.”

या एका वाक्याने मला 2018 सालची आमची खेप आठवली. बीडीडी चाळींतील खोल्या 160 चौरस फुटांच्या असतात हे पुष्कळांना ठाऊक आहे. मावशीची खोली त्याहून फार मोठी नाही. तीत आम्ही चौघे सात रात्री राहिलो. काकांनी “मला वाऱ्यालाच झोप लागते” असे सांगून पथारी गॅलरीत टाकली. नळाला पाणी ठराविक वेळीच येई. आमच्या आंघोळी आटोपाव्यात म्हणून मावशी पहाटे उठून पिंपे भरून ठेवी. मावसभावाची बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. तो जिन्यातल्या दिव्याखाली वाचीत बसे, हे मला पुढे दुसऱ्याच कोणाकडून कळले. मी मात्र दिल्लीस परतल्यावर मुंबई किती स्वस्तात पाहता येते, हे कचेरीत अभिमानाने सांगत होतो.

काटकसर हा सद्गुण आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु तो केव्हा सद्गुण असतो? मी स्वतःची एखादी गरज आवरली आणि पैसा वाचविला, तर ती काटकसर. माझी गरज तशीच ठेवून तिचा भार दुसऱ्यावर सरकविला, तर पैसा तितकाच वाचतो, पण त्या कृत्याला दुसरे नाव द्यावे लागते. ॲरिस्टॉटलने औदार्याची चर्चा करताना कृपणतेची दोन अंगे सांगितली आहेत: देण्यात उणेपणा आणि घेण्यात अतिरेक. पहिल्या अंगाविषयी आपण जागरूक असतो. दुसरे अंग मात्र आपुलकीच्या नात्याआड सहज लपते.

यावर कोणी म्हणेल, आतिथ्याचा असा जमाखर्च मांडणे हाच त्याचा अपमान नव्हे काय? हा आक्षेप मला खरा वाटतो. आपल्यापैकी जे दिल्लीच्या सरकारी क्वार्टरांत राहतात, त्यांना निराळे सांगावयास नको. हरिद्वारला निघालेली मंडळी, मुलाखतीसाठी आलेला भाचा, गावाकडच्या ओळखीचे ओळखीचे, असे कोणी ना कोणी आपल्या दोन खोल्यांत उतरतच असते. त्यांच्या चहाचे कप आपण मोजीत नाही. उलट घरात मराठी बोलणे वाढले म्हणून आनंदच होतो. तथापि महिनाअखेर किराण्याची यादी आखडावी लागते, हेही तितकेच खरे. म्हणजे हिशेब असतोच. यजमान तो प्रेमाने विसरतो इतकेच. पण हिशेब विसरण्याचा अधिकार यजमानाचा आहे, पाहुण्याचा नव्हे. मनुस्मृतीने एक रात्र राहतो त्यालाच अतिथी म्हटले आहे. सात रात्रींच्या पाहुण्यासाठी तीत कोणता शब्द योजला असता, कोण जाणे!

मग मी कागद पुन्हा लिहिला. सात दिवसांचे चार केले. तीन रात्री स्टेशनाजवळच्या एका साध्या सामायिक खोलीत आणि एक रात्र मावशीकडे. जिथे काटकसर आपल्याच पायांनी करता येते तिथे ती राखली: कोटातल्या जुन्या इमारती, 1924 साली पुरे झालेले गेटवे, मरीन ड्राइव्ह, ही सारी चालत व फुकट पाहता येतात. लोकलने जायचे ते गर्दीची वेळ टाळून, म्हणजे कामावर निघालेल्या माणसाची जागा आपल्या पिशव्यांनी अडावयाची नाही. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून तो दिवस सोडला. जेवण साध्या खानावळीत. पण तेथे घासाघीस नाही. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते उगीच नव्हे. स्वस्त ताटामागे कोणाचे तरी हात पहाटेपासून राबत असतात, आणि त्यांची मजुरी आपण कापली तर तेही मावशीच्या वहीतल्या खर्चासारखेच झाले.

हे सारे ठरवून मावशीला फोन केला. मला वाटले होते की तिला बरे वाटेल. ती म्हणाली, “दिल्लीला जाऊन परका झालास का रे?” मला उत्तर सुचेना. जिन्यातल्या दिव्याची गोष्ट मी काढली, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बरं, एक रात्र तर एक रात्र. पण सकाळी घाईने पळू नकोस. जेवून जा.”

मी तिचे कष्ट वाचविले, की केवळ माझ्या मनाची टोचणी? पाहुणचार नाकारण्यातही एक प्रकारचा कंजूषपणा असू शकतो, हे मला तिच्या त्या प्रश्नाने शिकविले. पक्के उत्तर मजजवळ नाही. मात्र ‘निवास’ या सदरापुढचे शून्य मी खोडले आहे, आणि त्या चौथ्या दिवशी दुपारपर्यंत दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवलेला नाही.