अहिंसा, आरोग्य आणि प्रमाण

मांसाहार योग्य की निव्वळ वनस्पतिजन्य आहार योग्य, या वादात दोन निरनिराळ्या प्रश्नांची सरमिसळ होते. अमुक अन्नाने शरीराचे काय होते, हा प्रश्न निरीक्षण आणि अनुमान यांच्या कक्षेतला आहे; स्वतःच्या अन्नासाठी दुसऱ्या जीवाला वेदना द्यावी काय, हा प्रश्न कर्तव्याचा आहे. दूध, तूप, अंडी, मध असे सर्वच प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य मानणाऱ्या व्हीगन आहाराचे पुरस्कर्ते पुष्कळदा पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर दुसऱ्याचे उत्तर उभारू पाहतात, तर मांसाहाराचे समर्थक शरीराची गरज पुढे करून दुसरा प्रश्नच टाळतात. म्हणून आरोग्यविषयक दाव्यांचे प्रामाण्य, म्हणजे ज्ञान म्हणून त्यांची विश्वासार्हता, आधी तपासली पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे खारवून, धुरावून किंवा अन्य रीतीने टिकाऊ केलेले सॉसेज, बेकन यांसारखे पदार्थ, कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूही याच गटात असल्याने दोन्ही सारखीच घातक, असा अर्थ अनेकांनी काढला; वस्तुतः हे गट पुराव्याची बळकटी सांगतात, धोक्याचा आकार सांगत नाहीत. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा संस्थेचा अंदाज आहे. पण ही वाढ सापेक्ष असल्याने, शंभरांपैकी पाच जणांना आयुष्यात हा रोग होत असेल, तर त्या जागी जवळपास सहा जणांना होईल, एवढाच तिचा अर्थ. पुढे २०१९ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात संशोधकांच्या दुसऱ्या गटाने बऱ्याच अंशी तशाच पुराव्याचा आढावा घेतला आणि त्याची खात्री कमी असल्याचे सांगून, प्रौढांनी मांसाचे सेवन आहे तसे चालू ठेवावे, अशी शिफारस केली. ती दुर्बळ शिफारस आहे, असेही त्या गटानेच नमूद केले. सल्ला देण्यासाठी किती खात्री पुरेशी मानावी, हाच या मतभेदाचा गाभा होता.

व्हीगन पक्षाच्या दाव्यांनाही हीच कसोटी लावावी लागते. ऑक्सफर्ड येथील ‘एपिक’ अभ्यासाच्या २०१९ मधील निष्कर्षांनुसार, शाकाहारी आणि व्हीगन यांच्या एकत्रित गटात मांसाहारींपेक्षा हृदयाच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित विकाराचा धोका २२ टक्क्यांनी कमी, तर पक्षाघाताचा २० टक्क्यांनी अधिक आढळला. पुढच्याच वर्षी व्हीगनांमध्ये हाडे मोडण्याचे प्रमाणही अधिक दिसून आले. शिवाय मांस वर्ज्य करणारे लोक पुष्कळदा धूम्रपान कमी करतात आणि व्यायाम अधिक करतात, त्यामुळे लाभ नेमका कशाचा, हे ठरवणे कठीण जाते. न्यायशास्त्राने ही अडचण फार पूर्वी ‘उपाधी’ या संज्ञेने ओळखली होती: जिथे अग्नी तिथे धूर, हे अनुमान सदोष आहे, कारण धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते, आणि ही दडलेली अट म्हणजेच उपाधी. आहाराच्या अभ्यासांतील बहुतेक वादंग अशाच उपाध्यांभोवती फिरतो.

तथापि सर्वच संदिग्ध आहे, असा निष्कर्ष काढणे गैर ठरेल. बी-१२ हे जीवनसत्त्व सूक्ष्मजीव तयार करतात आणि वनस्पतिजन्य अन्नात त्याचा भरवशाचा स्रोत नाही, हे निःसंशय आहे. इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी १९४४ मध्ये स्थापन झाली, तर हे जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात १९४८ मध्ये वेगळे काढता आले. म्हणजे या आहारात नेमकी कशाची उणीव आहे, हे त्याच्या पहिल्या अनुयायांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. पुणे परिसरातील २०४ स्त्री-पुरुषांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास निम्म्यांमध्ये या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली आणि शाकाहारींमध्ये तिचा धोका अधिक होता. यावरून दूध घेणाऱ्या महाराष्ट्रीय शाकाहारी माणसानेही निश्चिंत राहू नये, हे उघड होते.

शरीराचे सत्य आणि कर्तव्याचे सत्य एकमेकांत न मिसळता शेजारी ठेवता येतात, याचा दाखला चरकसंहिता देते. शरीराची पुष्टी करणाऱ्या द्रव्यांत ती मांसाला श्रेष्ठ मानते आणि प्राण वाढवणाऱ्या गोष्टींत अहिंसेला सर्वोच्च स्थान देते. महात्मा गांधींनी हा भेद स्वतःच्या आचरणात सोसला. दूध न घेण्याचे व्रत असताना प्रदीर्घ आजारानंतर १९१९ मध्ये त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले, आणि व्रताचा शब्द राखला गेला तरी आशय राखला गेला नाही, हे आत्मकथेत मान्य केले; दुधाची गरज भासली म्हणून व्रतामागचा विचार खोटा होता, असे त्यांनी म्हटले नाही. लंडनमधील शाकाहारी मंडळापुढे १९३१ मध्ये बोलताना त्यांनी सांगितले की, केवळ प्रकृतीसाठी शाकाहार पत्करणारे बहुधा तो टिकवू शकत नाहीत, म्हणून त्याला नैतिक अधिष्ठान हवे.

अहिंसेचे समर्थन आरोग्याच्या आकडेवारीवर उभे केले, तर उद्याच्या एखाद्या अभ्यासाने अहिंसाही डळमळीत होईल. प्राण्याची वेदना मात्र कोणत्याही अभ्यासाने कमी होत नाही. त्याचप्रमाणे, एखादा आहार नीतीने श्रेष्ठ आहे म्हणून तो शरीरालाही परिपूर्णच असणार, ही श्रद्धा गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्या बाबतीत घातक ठरू शकते. ज्याला प्राण्यांची हिंसा अमान्य आहे, त्याने मांसाहाराविषयीच्या अतिरंजित भीतीचा आधार न घेता ती हिंसा त्यागावी आणि बी-१२ वैद्यकीय सल्ल्याने नियमित घ्यावे. आणि ज्याला मांस खायचे आहे, त्याने शरीराच्या गरजेमागे न लपता त्या हिंसेचे उत्तरदायित्व स्वीकारावे.