दूध आणि तालीम

कोल्हापूरच्या तालमींत जोर-बैठका आणि लढती आटोपल्यावर मल्लाच्या हाती दुधाचा पेला किंवा बदामाची थंडाई येते, आणि या परंपरेतील शहाणपणाला पोषणशास्त्रानेही बऱ्याच अंशी दुजोरा दिला आहे. वजन उचलताना स्नायूंच्या तंतूंवर ताण पडतो व विश्रांतीच्या काळात त्यांची पुनर्बांधणी होते. तिला लागणारी प्रथिने दुधात उत्तम प्रतीची असतात. त्यांतील सुमारे 80 टक्के केसीन, म्हणजे सावकाश पचणारे प्रथिन, असते, तर उरलेले 20 टक्के निवळीतील, म्हणजे दूध नासल्यावर सुटणाऱ्या पाण्यातील, लवकर पचणारे प्रथिन असते.

तथापि 250 मिलिलिटर दुधातून केवळ 8 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, आणि कसून व्यायाम करणाऱ्या 70 किलो वजनाच्या प्रौढाची दैनंदिन गरज 110 ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे डाळी, कडधान्ये किंवा अंडी यांची जागा एकटे दूध घेऊ शकत नाही. शिवाय लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, पचवणारे विकर अनेक प्रौढांत कमी झालेले असते, आणि अशांना दही किंवा ताक अधिक मानवते. न तापवलेल्या धारोष्ण दुधातून रोगजंतू शरीरात जाऊ शकतात, म्हणून ते उकळूनच घेणे हिताचे ठरते.

बळ पेल्यातून आयते मिळत नाही. नित्य कष्ट, पुरेशी झोप आणि स्वतःच्या पचनशक्तीची ओळख यांच्या जोडीनेच दूध अंगी लागते, आणि आहारातील हा विवेक हीदेखील एक साधनाच असते.