पाहणें आणि दिसणें

रस्ता ओलांडतांना आपण काय करतों? उजवीकडे पाहतों, डावीकडे पाहतों, हें तर खरेंच. परंतु गाडी अगदीं जवळ आली असली म्हणजे आपली नजर गाडीवर नसून ती हांकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर असते. त्यानें आपल्याला पाहिलें कीं नाहीं, तो थांबणार कीं पुढें रेटणार, हें आपण त्याच्या चेहऱ्यावरून ताडतों. त्यानें मान किंचित् हलविली कीं आपण निःशंकपणें पाऊल टाकतों. हा निःशब्द करार दिवसांतून किती वेळां होत असेल याची गणती नाहीं, आणि शहरांतील रहदारी पुष्कळ अंशीं त्यावरच चालते. कांच काळी असली म्हणजे हा करारच खुंटतो. हातांत काठी घेतलेल्या म्हाताऱ्यापुढें तेव्हां माणूस नसतो; एक चकचकीत काळा पडदा असतो, आणि त्यांत त्याला स्वतःचेंच भेदरलेलें प्रतिबिंब दिसतें.

मोटार-वाहनांच्या १९८९ सालच्या केंद्रीय नियमांतील १०० व्या नियमानें ही गोष्ट टक्क्यांत बसविली आहे. पुढच्या व मागच्या कांचेंतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या कांचांतून निदान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एका नागरिकाच्या अर्जावर निकाल देतांना या नियमाचा अर्थ असा लावला कीं, कारखान्यांतून आलेली कांच या मर्यादेंत असली पाहिजे आणि तिच्यावर मागाहून काळें पटल, मग तें कितीहि पातळ असो, चिकटवितां येणार नाहीं. पुढें नियमाच्या शब्दांत बदल झाले, आणि २०२४ सालीं केरळ उच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, प्रकाशाची ती मर्यादा पाळणारें प्रमाणित पटल लावण्यास आतां हरकत नाहीं. म्हणजे वाद झाला तो पटलाविषयीं. ७० आणि ५० हे आंकडे जागचे हलले नाहींत. या आंकड्यांमागें कोणता नैतिक विचार आहे, हें पाहण्यासारखें आहे.

काळ्या कांचेच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नाहीं. विदर्भांतल्या वैशाखांत ज्यानें दुपारचा प्रवास केला आहे, त्याला सावलीची किंमत कोणी शिकवावयास नको. परंतु उष्णता आणि उजेड हीं एक नव्हेत. उन्हांतील उष्णतेचा मोठा भाग डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांतून येतो, आणि ते किरण बऱ्याच प्रमाणांत अडवून दिसणारा प्रकाश आंत येऊं देणाऱ्या कांचा आज तयार होतात. ज्याला केवळ उन्हाचाच त्रास आहे, त्याची सोय कायद्याच्या मर्यादेंतहि होऊं शकते.

अधिक वजनदार आक्षेप खासगीपणाचा. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें एकमतानें सांगितलें. मग गाडी हें माझें चालतें घर. त्यांत डोकावण्याचा अधिकार रस्त्यावरच्या कोणालाहि कां असावा? उपमा आकर्षक आहे, पण ती 'चालतें' या शब्दापाशींच मोडते. घराच्या भिंती कोणाच्या अंगावर चालून जात नाहींत. शिवाय भिंतींचा दुसराहि एक गुण आहे : त्या बाहेरच्याला आंतलें दिसूं देत नाहींत, तसें आंतल्यालाहि बाहेरचें दिसूं देत नाहींत. हा आडपडदा दुहेरी असतो. काळ्या कांचेचा सौदा एकेरी आहे. आंतला सर्व जग पाहतो आणि जगाला तो दिसत नाहीं.

या एकेरी दृष्टीचा मोह जुना आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथांत ग्लॉकॉन हा लिडिया देशांतील एका मेंढपाळाची कथा सांगतो. त्याला एक अंगठी सांपडते. तिचा खडा आंतल्या बाजूस फिरविला कीं तो अदृश्य होतो. पुढें तो राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. ग्लॉकॉनचा प्रश्न असा कीं, अशी अंगठी मिळाल्यावर सज्जन कोण राहील? मला वाटतें, बहुतेक माणसें राजाला मारणार नाहींत. परंतु चौकांतला तांबडा दिवा मात्र निःसंकोच ओलांडतील. लाज म्हणजे नीति नव्हे. पण नीतीला हाताला धरून चालावयास शिकविणारी ती दाई खास आहे, आणि लाज वाटावयास आपण कोणाला तरी दिसावें लागतें.

येथें एक प्रामाणिक शंका उरते. रात्रीं एकटी गाडी हांकणारी स्त्री म्हणेल, 'मला कांहीं लपवावयाचें नाहीं. मला लोकांच्या नजरा चुकवावयाच्या आहेत.' तिचें म्हणणें खरें आहे आणि त्याला टक्केवारीचें उत्तर पुरेसें नाहीं. पण १६ डिसेंबर २०१२ ची दिल्लीची रात्र आठवावी. जिच्यांत एका तरुणीवर अमानुष अत्याचार झाला, ती बस शहराच्या रस्त्यांवरूनच फिरत होती. खिडक्यांना पडदे आणि काळीं पटलें होतीं. नियम होता, त्याच वर्षींचा निकालहि होता, अंमलबजावणी नव्हती. जें आवरण एकीला आसरा देतें, तेंच दुसरीचा आकांत झांकून टाकतें, आणि बाहेरून पाहणाऱ्याला हा भेद कळण्याचें साधन उरत नाहीं. म्हणूनच कायद्याला प्रत्येकाचा हेतु तपासून अंधाराची परवानगी देतां येत नाहीं. स्त्रीला नजरेपासून जें संरक्षण हवें, तें रस्ता सभ्य करूनच द्यावें लागेल; तें काम कांचेवर ढकलणें सोपें आहे, इतकेंच.

२०१२ च्या निकालानें अपवादाची वाट ठेवली ती झेड व झेड-प्लस दर्जाचें संरक्षण असलेल्यांपुरती. ज्याच्या जिवाला धोका आहे त्यास आडोसा द्यावा, यांत गैर नाहीं. पण आपल्याकडे आडोसा हाच दर्जा समजला जातो. जो दिसत नाहीं तो मोठा, ही समजूत राजांच्या काळांतून लोकशाहींत तशीच उतरली आहे.

कायदा तरी कितीसें मागतो? शंभरांपैकीं ७० भाग. बाजूला तर ५० च. उरलेली सावली तो आपल्याला ठेवूं देतो. सर्वांच्या रस्त्यावर वावरणाऱ्यानें इतरांस एवढेंच द्यावयाचें आहे : आपण आंत आहों आणि आपण समोरच्याला पाहिलें आहे, ही खूण. काठी टेकून कडेला उभा असलेला म्हातारा याहून अधिक कांहीं मागत नाहीं.