जीए दिलं म्हणून जनुक बदलत नसतं!

वह्या तपासल्या. खाली काय बघताय? फळ्याकडे बघा.

पलूस तालुक्यातली पोरं तुम्ही. निम्म्यांची स्वतःची द्राक्षबाग, उरलेल्यांच्या चुलत्या-मामांची. आणि चाचणीत लिहिता काय, तर ‘जीए दिल्यावर मणी लांब होतो, म्हणजे जनुक बदलते.’ कुणी शिकवलं हे? मी तरी नाही. जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात, घड बुडवला की मण्यातल्या पेशी ताणल्या जातात, मणी वाढतो, बस्स. त्याच वेलीची काडी दुसरीकडे लावा आणि जीए देऊ नका, लांबी गायब! डोळ्यांना दिसतो तो फेनोटाइप, पेशीत लिहिलेला असतो तो जीनोटाइप. औषधानं पहिला बदलला, दुसऱ्याला धक्का लागला नाही.

आता सोनाका ही द्राक्षाची जात घ्या. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेस या जातीमधूनच ती निवडली. तिचा मणी मुळातच लांबट, आणि काडी कुठंही नेऊन कलम करा, तो लांबटच येतो. कारण तिथं डीएनएमध्येच बदल झालाय. उत्परिवर्तन म्हणतात ते हे. आपल्या शेजारच्या तासगावची तास-ए-गणेशसुद्धा थॉमसनमधूनच निवडलेली. हे उदाहरण एकाच्याही पेपरात नाही. सगळ्यांना मेंडेलचा वाटाणा पाठ!

डीएनए, जनुक आणि गुणसूत्र ‘एकच’ असं लिहिणाऱ्यांनी नीट ऐका. द्राक्षाच्या पेशीत ३८ गुणसूत्रं, १९ मादीकडून आणि १९ नराकडून आलेली. एकेक गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांबच लांब रेणू, आणि त्यातला ठरावीक कामाचा मजकूर असलेला तुकडा म्हणजे जनुक. २००७ साली द्राक्षाचा हा बहुतेक मजकूर वाचून झाला. त्यात सुमारे तीस हजार जनुकं निघाली.

सगळ्यात जास्त राग आला तो ‘प्रभावी म्हणजे चांगला गुण’ या उत्तराचा. प्रभावी म्हणजे जोडीतली एकच प्रत असली तरी दिसणारा. चांगला-वाईट हा हिशेब तुमचा, जनुकाचा नव्हे. थॉमसनला बी नसतं. म्हणजे बी धरतं, पण मध्येच वाढायचं थांबतं. त्यामागचा मुख्य बदल एका जनुकातल्या एकाच अक्षराचा, आणि तो प्रभावी आहे. एक प्रत पुरते. उलट थॉमसनचा हिरवा-पांढरा रंग अप्रभावी. रंग चढवणाऱ्या जनुकात डीएनएचा एक दुसरीकडचा तुकडा घुसून बसला आणि ते बंद पडलं. जोडीतली एक प्रत जरी चालू राहिली असती, तर मणी काळा-तांबडा झाला असता. एकाच वेलीवर दोन्ही प्रकार लटकलेत, आणि तुम्ही रोज त्याखालून वाकून जाता!

आणि हो, डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन बांधली म्हणून डॉगरिजची जनुकं थॉमसनमध्ये उतरत नाहीत. खुंट पाणी देतो, क्षार सोसतो, वाढीवर परिणामही करतो. पण वर येणारी काडी थॉमसनचीच राहते. संकर वेगळा, कलम वेगळं. शेतकऱ्याच्या पोरानं इथं चुकणं म्हणजे हद्द झाली.

सोमवारी प्रत्येकानं आपल्या किंवा शेजारच्या बागेतल्या एका जातीचे चार गुण लिहून आणायचे. त्यातले काडीबरोबर पुढं जाणारे कोणते आणि पाणी, खत, औषधांमुळं आलेले कोणते, हे कारणासकट. दुसऱ्याचं उतरवलेलं मी वाचणार नाही.